नाही भ्राता नाही भगिनी

नळदुर्ग सोडून बोरी नदी ओलांडली की कट्टेवाडी लागते. गाव लहान, पण तिथल्या मठामुळं पंचक्रोशीत नाव झालेलं. त्या गावात महालिंगय्या जंगमाची बायको जगदेवी विभूतीचे गोळे करायची. गोवऱ्या जाळायच्या, राख फडक्यातून गाळायची, पाण्यात मुरत ठेवायची, वरची निवळ ओतून द्यायची आणि खाली बसलेल्या गाळाचे गोळे वळून उन्हात वाळवायचे. नवरा झोळी घेऊन कोरान्न मागायला गावोगाव फिरायचा, तेव्हा घरोघर हीच विभूती द्यायचा. मठात लागायची तीही जगदेवीच्याच हातची. आणि मठाच्या गादीवर जे स्वामी बसले होते, सगळा मुलूख ज्यांना अप्पा म्हणायचा, ते तिचे पाठचे सख्खे भाऊ होते.

ही गोष्ट काही लपवलेली नव्हती. जुन्या माणसांना ठाऊक होतं. पण बोलायची रीत नव्हती. गादीवर बसलेल्या माणसाचं मागचं घर संपलं, आईबाप संपले, असं मानत. जगदेवीही इतर बायांसारखी डोईवर पदर घेऊन लांबूनच हात जोडायची. अप्पांची नजर तिच्यावरून जायची आणि पुढं सरकायची. कधी एखाद्या सणाला मठाचा माणूस विभूती न्यायला येई आणि सांगे, अप्पांनी विचारलंय, गुडघा दुखायचा राहिला का. एवढंच.

भाऊ मठात गेला तो मानमोडीच्या साली. त्या तापानं घरंच्या घरं बसली होती. त्यांचं घर अणदूरच्या अलीकडं एका खेड्यात होतं. वडील, रेवणय्या, आठवड्याभरात गेले. मागं राहिली आई गौराबाई, अकरा वर्षांची जगदेवी आणि आठ वर्षांचा बंडय्या. पोरं आईला अव्वा म्हणायची. जंगमाच्या घरात झोळी घेऊन फिरणारा पुरुषच उरला नाही, म्हणजे चूलच गेली. कट्टेवाडीच्या त्या वेळच्या म्हाताऱ्या स्वामींना गादीसाठी जंगमाचा पोर पाहिजे होता. निरोप आला. गौराबाईनं दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पोराला न्हाऊ घातलं आणि ती त्याला घेऊन निघाली.

जगदेवी बरोबर होती. सगळी वाट बंडय्या रडत आला. मठाच्या दारात त्यानं आईच्या लुगड्याचा ओचा असा घट्ट धरला, की सोडवताना तो फाटला. परत येताना गौराबाई नदीच्या वाळवंटात बसली आणि वाळूत डोकं खुपसून रडली. पुढं ती पुन्हा मठाकडं गेली नाही. मठातल्या स्वयंपाक्यानं नंतर सांगितलं, की पोरगं अंधाराला भितं, म्हणून सहा महिने त्याच्या उशाशी पणती ठेवावी लागली.

तीन वर्षांनी जगदेवीचं लग्न कट्टेवाडीतच झालं. भाऊ मठात, बहीण गल्लीत. दोघं एका गावात वाढली आणि बोलली नाहीत.

तो पोरगा मात्र चांगला स्वामी झाला. लोकांचं ऐकून घ्यायचा, भांडणं तोडायचा, मठाचं धान्य अडल्या घरी पोचवायचा. एका साली पटकी आली. अप्पांनी सोलापुराहून डॉक्टराला विचारून चुना मागवला आणि विहिरींच्या काठानं, गटारांच्या कडंनं, थेट वेशीपर्यंत तो स्वतः उभं राहून टाकून घेतला. पाणी उकळूनच प्या, असं दारोदार सांगितलं. शेजारच्या गावांत प्रेतं उचलायला माणसं उरली नाहीत, कट्टेवाडीत त्या मानानं थोडीच दगावली. पुढं चौतीस-पस्तीसच्या उमरीत अप्पा स्वतःच तापानं आजारी पडले आणि गेले. सन चव्वेचाळीसचा तो उन्हाळा. जगदेवी समाधीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं सुतक धरलं नाही. धरता येत नव्हतं.

दोन वर्षांनी श्रावणात अप्पांचं पुस्तक छापून आलं.

मठाचा कारभार तेव्हा आण्णासाहेब पाटील बघायचे. दांडगा जमीनदार, सरकारदरबारी वजन असलेला माणूस. खर्च त्यांनी केला. पुस्तक लिहिलं मठाच्या शाळेवरच्या चन्नबसप्पा मास्तरांनी. छपाई सोलापुरात झाली, कारण निजामाच्या मोगलाईत मराठीचा छापखाना जवळपास नव्हता. श्रावणभर रोज दिवेलागणीला मठाच्या सोप्यात वाचन ठरलं. पहिल्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. जगदेवी खांबाशी बसली. शेजारी धुरपदाबाई होती. धुरपदाबाई ही तिची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, वयानं थोरली, विधवा, चार एकर कोरडवाहू जमीन आणि एक लेक, कोंडीराम. लहानपणी कोंडीराम अप्पांच्या अंगाऱ्यानं वाचला, अशी तिची भक्ती.

मास्तरांचा आवाज गोड होता. ओव्या त्यांनी चांगल्या बांधल्या होत्या. मूलबाळ नसलेलं एक जोडपं, स्वप्नात आलेला शंकर, आणि पोटी आलेला अवतार. ऐकता ऐकता जगदेवीला पहिल्यांदा वाटलं, की हे दुसऱ्याच कुणाचं चाललंय. मग मास्तर म्हणाले:

"नाही भ्राता नाही भगिनी । एकला अवतरला मेदिनी । माता पाहे कोरड्या नयनी । बाळ चालता मठाकडे ॥"

सोप्यातल्या बायका मुसमुसल्या. धुरपदाबाई पदरानं डोळे पुसत हळूच म्हणाली, केवढं काळीज असंल त्या माऊलीचं. जगदेवीनं मान हलवली. तिला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. महालिंगय्या शांत माणूस. तो म्हणाला, मोठ्यांच्या गोष्टी अशाच लिहितात, आपण मनाला लावून घ्यायचं नाही. पुढं हसून त्यानं सांगितलं, की नळदुर्गात एका वकिलानं हे पुस्तक चाळलं होतं. वकील उर्दू शिकलेला. तो म्हणाला, नवाबाची अशी तारीफ केली की तिला आम्ही कसीदा म्हणतो, आणि लिहिणाऱ्याला बिदागी मिळते. महालिंगय्याला गंमत वाटली होती. जगदेवीला वाटली नाही. तिनं विचारलं, मग आपल्यात ह्याला काय म्हणतात? नवऱ्याला सांगता आलं नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती विभूतीची पाटी घेऊन मठात गेली, तेव्हा शाळेच्या ओट्यावर थांबली. मास्तर पोरांना घरी सोडून एकटेच बसले होते.

"मास्तर, आमच्या अव्वाला रडू आलं न्हाय, हे तुमाला कुणी सांगितलं?"

मास्तर दचकले. ते बाहेरगावचे, दहा वर्षांमागं आलेले. त्यांना ही बाई कोण हे अर्धवट कानावर होतं. त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"कुणी सांगितलं न्हाय, बाई. तसं लिहायची रीत आहे."

"पुस्तकाच्या वर काय नाव छापलंय?"

"चरित्र."

"चरित्र म्हंजी काय?"

"माणूस जसा जगला, तसं लिहिलं की चरित्र."

"मग ह्ये काय हाय?"

 मास्तरांनी उपरण्यानं मान पुसली. "ह्याला खरं तर पुराण म्हणायला पाहिजे. पुराणात अवताराला भाऊबहीण ठेवत न्हायत. पण आण्णासाहेब म्हणाले, शिकल्या-सवरल्यांना पुराण म्हटलं की खोटं वाटतं. नाव चरित्र घाला."

जगदेवीनं तिथं बसून त्यांना सगळं सांगितलं. मानमोडी, फाटलेला ओचा, नदीतली वाळू, उशाशी पणती. आणि पुस्तकातला एक चमत्कार कसा घडला तेही सांगितलं. पुस्तकात होतं, की अणदूरच्या वाटेवर एका निंबाखाली अप्पांच्या गाडीचे बैल अडले, काही केल्या हालेनात, आणि अप्पा तिथं प्रहरभर समाधी लावून बसले. जगदेवी म्हणाली, बैल अडले नव्हते. अप्पांनीच दगडोबा गाडीवानाला गाडी सोडायला सांगितली होती. निंबापलीकडच्या घरात अव्वा शेवटच्या दुखण्यात पडली होती. जगदेवी तिथं सेवेला होती. अप्पा दारातून वाकून आत आले, बाजेशी बसले आणि त्यांनी अव्वाला वाटीतली पेज चमच्यानं पाजली. अव्वानं भगव्या कपड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. 'बंड्या, लई वाळलास रं,' एवढंच म्हणाली. अप्पा रडले. जाताना दगडोबाला म्हणाले, विचारलं तर सांग, बैल अडले. बिचाऱ्यानं तसंच सांगितलं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मनापासून आलं होतं, एवढं जगदेवीला कळलं. ते म्हणाले, हे मला ठाऊक नव्हतं, बाई. पुढच्या छपाईत तुमच्या आईला मी पुस्तकात आणतो. शब्द देतो.

ती घरी आली ती हलकी होऊन. वर्षभर ती वाट बघत राहिली. कुणाला बोलली नाही, पण विभूतीचे गोळे वळताना तिला मनातल्या मनात ते नाव छापलेलं दिसायचं. तिला अक्षरओळख नव्हती, तरी दिसायचं. गौराबाई.

पुस्तक वर्षात संपलं. गावोगाव नेलं लोकांनी. पुढच्या श्रावणात दुसरी छपाई आली. देश स्वतंत्र झाला तो हाच महिना, पण मोगलाईत त्याचा आनंद उघडपणे करायची सोय नव्हती. सगळीकडं कुजबुज आणि धास्ती. वाचनाला गर्दी मागच्यापेक्षा जास्त झाली. जगदेवी पुन्हा खांबाशी बसली. निंबाचा अध्याय आला. बैल अडले. अप्पा उतरले. आणि निंबापलीकडच्या झोपडीतून साक्षात पार्वती म्हातारीचं रूप घेऊन बाहेर आली, तिनं अप्पांना पेज पाजली आणि बघता बघता ती अदृश्य झाली. म्हातारीला नाव नव्हतं. अप्पा रडलेही नव्हते.

त्याच छपाईत शेवटी एक नवा अध्याय होता. पटकीच्या साली अप्पांनी गावाच्या चारी अंगांनी विभूतीची रेघ ओढली आणि वर दिला, की ही रेघ आहे तोवर कट्टेवाडीला रोग, आग, शस्त्र शिवणार नाही.

वाचन सुटल्यावर जगदेवी मास्तरांपुढं उभी राहिली. मास्तरांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना खरोखरच वाटत होतं, की ती खूश झाली असेल.

"तुमच्या आईला मी पार्वती केलं, बाई. ह्याच्याहून मोठं काय करू?"

"तिला नुसती गौराबाई ऱ्हाऊ द्यायची हुती, मास्तर."

विभूतीच्या रेघेचं तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, हे मी रचलेलं नाही. लोकच सांगतात. दहा जणांनी येऊन सांगितलं, तर मी कसं नाही म्हणू? जगदेवी म्हणाली, तो चुना होता. मास्तर म्हणाले, तुम्ही म्हणता तेही खरं असेल. आणि ते कागदपत्र गोळा करू लागले.

त्या हिवाळ्यात लोक तिच्या माहेरच्या निंबाला जायला लागले. पार्वती उभी होती ती जागा. कुणी डहाळ्या मोडून नेल्या, कुणी बुंध्याला हळदकुंकू लावलं. झोपडी पडली होती. तिची माती लोकांनी पदरात बांधून नेली. धुरपदाबाईनंही आणली. तिनं ती जगदेवीला दाखवली, डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. जगदेवीनं तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. धुरपदाबाईचा चेहरा इतका समाधानी होता, की तिच्यानं बोलवेना.

पुढचं साल वाईट आलं. गावोगाव रझाकारांची भीती, त्यांच्या नावाखाली फिरणाऱ्या लुटारूंची भीती, आणि सीमेपलीकडून येऊन निजामाची जकात नाकी जाळणाऱ्या पोरांमुळं मागं राहिलेल्यांवर येणारा राग. उन्हाळ्यात गावं उठायला लागली. बैलगाड्या भरून माणसं सोलापूरच्या हद्दीकडं निघाली. आसपासची चार गावं ओस पडली. कट्टेवाडी मात्र अर्धीअधिक जागेवर होती. वेशीवर उभं राहून लोक जाणाऱ्या गाड्यांना सांगायचे, इथंच थांबा, हितं अप्पांची रेघ हाय. काही थांबलेसुद्धा.

महालिंगय्यानं ठरवलं, निघायचं. जगदेवी शेजारी गेली. कोंडीराम तेव्हा पंचविशीतला गडी. आईनं त्याला गुरं घेऊन पुढं हद्दीपार पाठवलं होतं, कारण गुरांना रेघ कळत नाही, असं ती हसून म्हणाली होती. स्वतः ती राहणार होती. सोमवारची आरती चुकवायची नाही, म्हणून.

जगदेवी तिच्यापुढं बसली आणि मास्तरांखेरीज पहिल्यांदाच कुणाला तरी तिनं सांगितलं, की निंबापाशी होती ती तिची आई. पार्वती नव्हे. अप्पा पोर होते तेव्हा अंधाराला भ्यायचे. रेघ चुन्याची होती.

धुरपदाबाईनं सगळं ऐकलं. ती रागावली नाही. जगदेवीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "जगदेवी, तुला ते भावासारखे दिसले, मला देवासारखे दिसले. ज्याला जसं दिसायचं तसंच दिसतं."

"धुरपदाक्का, आग आली तर तुला कसं दिसतंय ते बघणार हाय का ती?"

"तू जा बाई. म्या हाय हितं. तुझ्या घराकडं बघते."

त्याच दिवशी मठात गाव जमलं होतं. जायचं की राहायचं, यावर बोलणं चाललं होतं. आण्णासाहेब मधोमध बसले होते. त्यांनी आपल्या घरच्या बायका आधीच सोलापुरी पोचवल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते स्वतः हलले नव्हते, म्हणून कुणी बोलत नव्हतं. त्यांचं म्हणणं, गाव उठलं तर जमिनी आणि मठ दोन्ही गेले. जगदेवी बायकांमधून उठून पुढं आली. 

"ती रेघ विभूतीची न्हवती," ती म्हणाली. "चुन्याची हुती. विभूती म्या करते. तिच्यानं काय हुतं आन काय हुत न्हाय, मला ठावं हाय. अप्पा माझे भाऊ. पटकीत त्यांनी डॉक्टराला इच्यारलं, चुना आणला, पाणी उकळायला लावलं. ते शहाणे हुते, म्हणून गाव वाचलं. आज ते असते तर तेच पयले म्हणले असते, गाड्या जुपा."

 आण्णासाहेबांनी तिच्या नवऱ्याकडं बघून शांतपणे सांगितलं, की बाईमाणूस घाबरलंय, घरी घेऊन जा. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, गादीवरच्या माणसाला भाऊ म्हटलं की पाप लागतं. मास्तर खांबामागं उभे होते. त्यांना बोलता आलं असतं. ते जमिनीकडं बघत राहिले. तरी सात-आठ घरं तिच्या बोलण्यानं हलली. ती घरंही दुसऱ्या दिवशी महालिंगय्याच्या मागोमाग निघाली.

हद्दीपलीकडं एका माळावर ही सगळी कूड घालून राहिली. भाद्रपदाच्या आधी बातमी आली. टोळी पहाटेच्या सुमारास आली होती. कुणाची होती, यावर पुढं बरीच वर्षं वाद चालला. खालची गल्ली जळाली. मठ दगडी होता, तो राहिला. ज्यांना पळता आलं ते मठात शिरले. धुरपदाबाईचं घर पेटलं तेव्हा ती आत होती. मास्तर तिला काढायला धावले. वाशाखाली त्यांचा उजवा हात सापडला. तिला काढता आलं नाही.

हिंदुस्थानची फौज आली, चार दिवसांत मोगलाई संपली. माणसं परत फिरली. जगदेवीचं घर काळं पडलं होतं, पण उभं होतं. शेजारच्या घराची भिंत तेवढी होती. कोंडीरामनं आईला ओळखलं ते दंडातल्या चांदीच्या वाकीवरून.

 महिनाभरानं तो जगदेवीच्या ओसरीवर येऊन बसला. तिनं पुढं ठेवलेलं पाणी त्यानं घेतलं नाही.

"मावशी, तुमी मठात उभं ऱ्हाऊन बोलला म्हनं."

"बोलले, बाबा."

"पुस्तक वाचलं त्या पयल्या दिशी का न्हाय बोलला? सात-आठ म्हयनं ती माती देव्हाऱ्यात ठिवून पुजत हुती. तुमी शेजारीच हुता."

 जगदेवीनं मास्तरांना सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं. पण ज्या बाईला सांगायचं, तिला फार उशिरा सांगितलं होतं. कोंडीरामनं थोडा वेळ वाट बघितली आणि तो उठून गेला. पुढं त्यानं जमीन बटईनं दिली आणि नळदुर्गात अडत्याकडं हमाली धरली.

मास्तर गाव सोडून चालले तेव्हा तिला भेटायला आले. हात गळ्यात अडकवलेला, बोटं आखडलेली. ते म्हणाले, पुस्तकाची तिसरी छपाई निघतेय. आण्णासाहेबांना धुरपदाबाईचा अध्याय पाहिजे होता. मी नाही म्हटलं. दुसरा कुणी लिहील. तिला त्यांचा राग करायचा होता. पण तो हात बघून तिनं त्यांना जेवायला वाढलं. डाव्या हातानं ते ओशाळून जेवले.

एकोणपन्नासच्या श्रावणात तो अध्याय वाचायला निघाला. जगदेवीनं नळदुर्गला निरोप धाडला आणि कोंडीराम आला. तो सोप्यात शिरला नाही, दारातच उभा राहिला. नवा वाचणारा तरुण होता, बार्शीकडचा. त्यानं वाचलं, की आग लागली तेव्हा धुरपदाबाई अप्पांच्या तसबिरीपुढं बसली होती, ज्वाळांनी तिला हात जोडले आणि ती देहासकट प्रकाशात मिळाली. मागं राखसुद्धा उरली नाही.

जगदेवी उठली.

"धुरपदाक्का जळून मेली," ती म्हणाली. "लेकानं तिला वाकीवरनं वळकलं. तिला सांगितलं हुतं, ही रेघ तुला राखंल. ते खोटं हुतं. मला ठावं हुतं आन मी वेळेवर बोलले न्हाय. ह्ये बी लिवा."

वाचणारा थांबला. तिचं बोलणं संपेपर्यंत तो आदरानं थांबून राहिला. कुणी तिला बसवलं नाही, कुणी दटावलं नाही. ती गप्प झाल्यावर त्यानं बोट ठेवलेली ओवी शोधली आणि तिथून पुढं वाचायला सुरुवात केली.

वाचन सुटलं. बायका उठल्या. त्यांतली एक, बाहेरगावची, जगदेवीपाशी आली आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. अप्पांच्या सख्ख्या बहीण तुम्ही, ती म्हणाली, आम्हाला आजच कळलं. तिच्या मागं दुसरी वाकली, मग तिसरी. एकीनं आपलं तान्हं तिच्या पायांशी घातलं. जगदेवी पाय मागं ओढत होती, पदराखाली घेत होती, नको म्हणत होती. मागं खांब होता. तिनं दाराकडं बघितलं. कोंडीराम तिथं नव्हता. वेशीकडच्या वाटेवर तो नळदुर्गाच्या दिशेनं चालत निघालेला दिसला, आणि त्याला हाक मारायला वाट मिळायच्या आत अजून बायका पुढं आल्या.